बंदकाकांचा पाणवठा

हरणांना पाणी पाजायचं ठरलं, तेव्हा बंदकाकांनी हरणं सोडून बाकी सगळ्यांना विचारलं.

बंदकाका हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, कॉलनीने ठेवलेलं. कुठे नळ गळत असला, दिवसाढवळ्या दिवा जळत असला, रिकाम्या खोलीत पंखा फिरत असला, की हा गृहस्थ तिथे पोचायचा, बंद करायचा आणि वर घरमालकाला दोन शब्द सुनावून परत यायचा. एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात यंत्र घरघरत असताना, बाजूच्या थुंकपात्रातलं वाहतं पाणी त्यांनी हात लांब करून बंद केलं होतं. डॉक्टर घाबरून मागे सरले, चुकीचा दात कोरला गेला असता, पण पाणी वाचलं.

नोकरीसुद्धा त्यांना स्वभावाला साजेशीच लाभली होती. विमा कंपनीचा दावे विभाग. लोकांची दुकानं जळायची, गाड्या आपटायच्या, आणि लोक आशेने कागद घेऊन काकांच्या टेबलासमोर बसायचे. काका कागद वाचायचे, त्यातली फट शोधायचे आणि प्रकरण बंद करायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले की यांच्या टेबलावर एकही प्रकरण कधी उघडं राहिलं नाही. काका हे वाक्य अजून पाहुण्यांना ऐकवतात. ते ऐकून सगळं ऑफिस तेव्हा हसलं का होतं, हे मात्र त्यांना कधी उमगलं नाही.

त्यांच्या कानाबद्दलही सांगायला हवं. काकू शेजारच्या खोलीतून हाका मारून दमल्या तरी तो कान ढिम्म हलत नसे. पण तीन घरांपलीकडे नळाची तोटी थेंब टाकायला लागली, की हा माणूस हातातला पेपर टाकून उठे. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की कानात दोष नाही. काकूंनी त्यावर एवढंच विचारलं, "मग कशात आहे?"

तर निवृत्तीनंतर हे जोडपं कॉलनीच्या अगदी शेवटच्या घरात राहायला आलं. घरामागे त्यांचीच जमीन, खाली उतरत गेलेली. उतार संपला की तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे जंगल. खालच्या कोपऱ्यात तार तुटलेली होती आणि तिथे झुडपांची एक दाट जाळी होती. सगळी टेकडी उन्हाने करपली तरी ती जाळी हिरवीगार. "माती कसदार आहे आपली," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जणू ती त्यांनीच कालवली होती.

त्या कोपऱ्यात संध्याकाळी हरणं यायची. त्यातली एक तुटक्या कानाची हरिणी रोजची. तिच्या पोटाला लागून एक पाडस. ती दोघं जाळीत शिरायची, थोड्या वेळाने बाहेर यायची, आणि मग हरिणी मान उंच करून थेट घराकडे पाहत राहायची. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत भाजी चिरता चिरता त्यांना बघायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "उन्हाने काहिली झालीय नुसती. बिचारीला तहान लागत असेल हो."

एवढंच. काकू पुन्हा भाजीकडे वळल्या. पण काका खिडकीतून हलले नाहीत. असं आशेने पाहणारे डोळे त्यांनी जन्मभर टेबलापलीकडे पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून कागदातली फट शोधली होती. निवृत्तीनंतर तर कुणी आशेनेच काय, रागानेसुद्धा त्यांच्याकडे पाहत नव्हतं. आणि आज ही हरिणी पाहत होती.

"हा दावा मी मंजूर करणार," काका म्हणाले.

"कसला दावा?" काकूंनी विचारलं. पण तोवर काका चपला घालून सल्ला विचारायला बाहेर पडले होते.

सल्ल्याच्या बाबतीत आपली कॉलनी कधीच कोरडी पडत नाही. दाताचे डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून गार केलेलं हवं, हरणांच्या हिरड्या नाजूक असतात. कुणाच्या हिरड्या नाजूक नसतात असं डॉक्टरांचं आजवर एकदाही मत पडलं नव्हतं. बँकवाले म्हणाले, नुसतं पाणी देऊन भागत नाही, शेजारी मिठाचा खडा ठेवावा लागतो, म्हणजे तहान टिकून राहते. "ग्राहक परत आला पाहिजे," असं त्यांनी डोळा मिचकावून सांगितलं. काकांचा मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, बाथरूमच्या सामानाचं दुकान चालवतो. तो फोनवर म्हणाला, "भावोजी, तुम्ही कुणाचं ऐकू नका. भांडं माझ्याकडून. असं देतो, की हरणं आंघोळ करून जातील."

फक्त शेजारच्या भूगोलाच्या बाईंना काकांनी विचारलं नाही. एक तर बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे गेल्या होत्या. आणि दुसरं म्हणजे त्या घरी असत्या तरी विचारलं नसतं. शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या या बाईंशी काकांचं बोलणं बंद होतं. बाईंच्या झाडाची पानं काकांच्या पन्हळीत पडतात यावरून वाद झाला होता. काका म्हणाले होते, "झाड आवरा." बाई म्हणाल्या होत्या, "वारा आवरा." त्यानंतर दोन्ही घरांचा व्यवहार काकूंच्या मार्फत चालायचा. बाईंच्या घराची किल्लीसुद्धा काकूंकडे होती, कुंड्यांना पाणी घालायला.

आता मागच्या जमिनीत पाण्याची वेगळी जोडणी हवी. काका नियमाचा माणूस. स्वयंपाकघरातून नळी ओढावी हे मेहुण्याने सुचवताच त्यांनी त्याला झापलं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून पाणीखात्यात गेले.

"कशासाठी जोडणी?" कारकुनाने विचारलं.

"हरणांसाठी."

कारकुनाने वरसुद्धा पाहिलं नाही. "पाळीव की जंगली?"

"जंगली."

"जंगलीला जोडणी नाही. घरगुती आहे, बांधकाम आहे, पाळीव जनावरं आहे. जंगलीचं वनखात्याकडून आणा."

वनखात्यातला साहेब फार समजूतदार निघाला. "हरणं आमची," तो म्हणाला. "पण पाणी आमचं नाही, आणि जमीन तुमची. तुमची काही तक्रार असेल तर घेतो. पीक खाल्लं, धडक मारली, असं काही?"

"तक्रार नाही हो. त्यांना पाणी द्यायचंय."

"तक्रार नाही?" साहेबाने काकांकडे काळजीने पाहिलं. "मग आलात कशाला?"

टेबलाच्या या बाजूला बसायची काकांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. समोरचा माणूस किती सफाईने फट शोधतो आहे, हे पाहून त्यांना आधी जुन्या धंद्यातलं कौतुकच वाटलं. मग हळूहळू ते कौतुक ओसरलं. एका बेकरीवाल्याचा चेहरा त्यांना उगाचच आठवला. तो असाच खुर्चीच्या कडेवर बसला होता, मांडीवर पिशवी धरून. काकांनी तो चेहरा ताबडतोब बंद केला.

पाणीखात्यातला कारकून दुसऱ्या खेपेला कनवाळू झाला. "काका, कशाला उन्हात हेलपाटे घालता? पाळीव लिहून टाका. बघायला कोण येतंय?" लोकांच्या कागदातला एकेक खोटा शब्द चिमट्याने वेचून काढणारे बंदकाका. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि 'पाळीव' लिहून खाली सही केली. कान इतके तापले की बाहेरच्या उन्हात आल्यावर गार वाटलं. घरी काकूंना त्यांनी फक्त "झालं काम" एवढंच सांगितलं.

मग टब आला.

मेहुण्याने शब्द पाळला होता. टब गुलाबी होता. नुसता गुलाबी नव्हे, लाजून चूर झाल्यासारखा गुलाबी. कुणा नवऱ्या मुलाने होणाऱ्या बायकोसाठी खास मागवला होता. लग्न मोडलं आणि टब दुकानात राहिला. कडेला सोनेरी वेलबुट्टी, दोन टोकांना हंसाच्या माना. टेम्पोतून उतरवताना कॉलनीतली सगळी कर्ती माणसं लागली, आणि उतारावरून खाली नेताना तो एकदा सगळ्यांच्या हातून निसटून स्वतःच पुढे निघाला. बँकवाले आडवे झाले म्हणून वाचला. टब म्हणतोय मी. बँकवाल्यांची कंबर अजून पूर्वपदावर आलेली नाही.

टब कुठे बसवायचा, यावर दोन दिवस खल झाला. काकूंचं म्हणणं, हरणं जिथे येतात तिथेच, खालच्या कोपऱ्यात झुडपांपाशी ठेवा. पण तिथे ठेवला तर डॉक्टरांच्या गच्चीतून दिसत नव्हता. शेवटी सर्वानुमते तो उताराच्या बरोब्बर मध्यावर, उघड्यावर बसवला, म्हणजे सगळ्यांना सगळीकडून दिसेल. हरणांना आपण दिसू नये असं वाटत असेल, हा मुद्दा कुणी मांडला नाही. मांडणारी हरणं सभेला नव्हती.

प्लंबरने जोडणी केली, तोटी सोडली, आणि टब भरू लागला. काका मागे हात बांधून उभे होते. एवढ्यात त्यांचा कान टवकारला. धो धो पाण्याच्या आवाजाआडून दुसराच आवाज येत होता, वर घरापर्यंत कधी न पोचलेला; आणि इतक्या खाली येऊन काका आजवर कधी कान देऊन उभे राहिले नव्हते. टप. टप. टप.

"गळतंय कुठेतरी," काका म्हणाले.

"माझं नाही," प्लंबर म्हणाला. प्लंबरचं पहिलं वाक्य हेच असतं.

काका आवाजाच्या मागावर उतार उतरत कोपऱ्यातल्या जाळीपाशी पोचले आणि काटे सारून आत शिरले. बाईंच्या बागेचा जुना लोखंडी पाइप हद्दीवरून जात होता. त्याचा एक जोड सैल पडला होता आणि थेंब थेंब पाणी काकांच्या बाजूला पडत होतं. खाली परातीएवढं डबकं साचलेलं. भोवती चिखल, आणि चिखलात खुरांचे ठसेच ठसे.

"काका," प्लंबर मागून म्हणाला, "इथं तर हरणं पाणी पितायत."

"पितायत काय! चाटतायत बिचारी चिखल!" काकांचा आवाज चढला. "आणि ही बाई भाचीकडे गाद्यागिरद्यांवर! पाण्याची अशी नासाडी? आण तो पाना."

"राहू द्या ना. त्यांना सवय असेल."

"सवय कसली? वर स्वच्छ पाण्याचा टब भरलाय, आणि खाली गढूळ का प्यावं त्यांनी? इथलं बंद झालं की आपोआप येतील वर."

आणि बंदकाकांनी तो जोड स्वतःच्या हाताने आवळला. टेप गुंडाळली, पुन्हा आवळला, पाय कुंपणाच्या खांबाला रोवून आणखी एक वेढा दिला. थेंब थांबला. काकांनी कान लावून खात्री केली. शांत. अशी शांतता ऐकली की त्यांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

त्या संध्याकाळी हरणं आली. जाळीत शिरली, लगेच बाहेर आली. हरिणीने घराकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, आणि पाडसाला घेऊन उलटी गेली.

"बुजली," काका म्हणाले. "नवीन आहे ना."

दुसऱ्या संध्याकाळीही बुजली. मग सुधारणा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले टबाला दुकानातला वास असेल, म्हणून काकांनी तो भांड्याच्या साबणाने घासला. आता त्याला लिंबाचा वास येऊ लागला. बँकवाल्यांनी झोपल्या जागेवरून मिठाच्या खड्याची आठवण केली. तो ठेवला, तर कॉलनीतली यच्चयावत कुत्री येऊन तो चाटून टबात पाणी पिऊन गेली, आणि एक त्यात बसलं. एक पाल बुडून मेली. हंसांच्या माना हरणांना शत्रू वाटत असतील असं मेहुण्याने सुचवल्यावर काकांनी त्यांना आपले जुने बनियन गुंडाळले. लांबून पाहिलं तर दोन म्हातारे अंघोळीला बसलेत असं वाटायचं.

इकडे कोपऱ्यातली जाळी पिवळी पडत चालली होती. काकूंनी ते पाहिलं. एका संध्याकाळी हातातली सुरी न थांबवता त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ती पाइप चाटतेय."

"लोखंडात क्षार असतात," काका म्हणाले.

"आणि पाडस नाहीये आज तिच्याबरोबर."

काकांनी पेपर उघडला. काकूंनी आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या भाजी चिरत राहिल्या. काकांच्या मनात एक फट पडली होती, बारीकशी. असल्या फटी दुसऱ्याच्या कागदात शोधणं सोपं असतं. स्वतःतली सापडली की माणूस तिच्यावर पेपर धरतो.

शिवाय आता माघार घेणं शक्य नव्हतं, कारण उद्घाटन ठरलं होतं. मेहुण्याने परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ठरल्या संध्याकाळी उताराच्या वरच्या अंगाला खुर्च्या मांडल्या, चहा झाला, टबाला फीत बांधली. सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं असं ठरलं होतं, त्यामुळे एरवी एक जण बोलला असता तिथे सगळेच कुजबुजत होते. बँकवाल्यांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

काका बोलायला उभे राहिले. प्रास्ताविकाला त्यांनी पृथ्वीवरच्या पाण्याच्या साठ्यापासून सुरुवात केली. मग आपल्या नोकरीवर आले, मग थेंबाच्या महत्त्वावर. आणि मग, टाळी घ्यायची जागा आली असं वाटून, म्हणाले, "नाव घेत नाही. पण आपल्यातल्याच एका सुशिक्षित व्यक्तीचा पाइप या खालच्या कोपऱ्यात खुशाल गळत होता. मुकी जनावरं तिथला चिखल चाटत होती. तो जोड मी स्वतः, या हातांनी, बंद केला."

टाळ्या पडल्या. हळू पडल्या, कारण कुजबुजत वाजवल्या होत्या. त्या थांबल्या तेव्हा घराच्या बाजूने आवाज आला.

"तुम्ही बंद केलात?"

वॉकरच्या आधाराने भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. मागे भाची, आणि भाचीच्या मागे खाकी कपड्यातला एक माणूस, हातात कागद.

"ती बघा," काकू एवढ्यात म्हणाल्या.

खाली कोपऱ्यात हरिणी आली होती. एकटीच. एवढी माणसं वर बसलेली दिसत असूनही ती आली, म्हणजे तिची काय गत झाली असेल. बरगड्या मोजता येत होत्या. वाळक्या जाळीत शिरून तिने पाइपचा तो जोड चाटला. खुराने जमीन उकरली. पुन्हा चाटला. मग मान वर केली आणि नेहमीसारखं पाहिलं. पण या बाजूने खुर्च्यांवरून बघताना बंदकाकांना एक गोष्ट लख्ख दिसली. ती त्यांच्या घराकडे पाहत नव्हती. ती कधीच त्यांच्या घराकडे पाहत नव्हती. ती शेजारच्या, बाईंच्या खिडकीकडे पाहत होती.

कुणाचा तरी कप बशीवर वाजला, आणि हरिणी गेली.

"इथे राहायला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तो जोड सैल केला होता," बाई म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "बरोब्बर थेंब थेंब पडेल एवढाच. जास्त साचलं तर डास होतात, आणि आवाज झाला तर ती बुजतात."

"मग सांगायचंत ना कुणाला तरी!" मेहुणा म्हणाला.

बाईंनी फितीकडे पाहिलं, बनियन घातलेल्या हंसांकडे पाहिलं, मग एकेका खुर्चीकडे. "सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर खुर्च्या आल्या असत्या."

धरणीने पोटात घ्यावं असं काकांना झालं. धरणीने घेतलं नाही, खाकी माणसाने घेरलं. तो वनखात्याचा होता. पाणीखात्याच्या कागदांत हरणं पाळल्याची नोंद सापडली होती, आणि हरीण पाळणं हा गुन्हा आहे, असं त्याने सर्वांसमक्ष वाचून दाखवलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. अर्जावर 'पाळीव' लिहिल्याचं काकांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने दुसरं काही केलं असेल नसेल, पण खोटी सही कधी केली नव्हती, असं त्या माहेरी अभिमानाने सांगत असत.

खाकी माणसाने टब पाहिला. कोपरा पाहिला. सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पेन काढलं. "घाबरू नका," तो म्हणाला, "गुन्हा होत नाही." आणि लिहिता लिहिता मोठ्याने उच्चारत गेला, "सदर इसमाकडे हरीण पाण्यालासुद्धा येत नाही. सबब, पाळण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

अशी निर्दोष सुटका देव वैऱ्यालाही न देवो.

माणसं पांगली. जाताना कुणी काकांच्या नजरेला नजर दिली नाही. डॉक्टर तेवढे खांद्यावर थोपटून "होतं असं" म्हणाले, आणि ते सगळ्यात वाईट होतं. काकूंनी खुर्च्या उचलल्या, जेवायला वाढलं. शेवटी ताट उचलताना म्हणाल्या, "काखेत कळसा होता हो. आपण तो फोडला, आणि वर गावाला वळसा घातला." आयुष्यभर समोरच्याकडे न पाहता प्रकरण बंद करत आलो, आणि जे एक मंजूर करायला निघालो, तेही न पाहताच बंद केलं. तेही दुसऱ्याने मंजूर केलेलं.

सकाळी उजाडताच ते पाना घेऊन कोपऱ्यात गेले. जोड ढळेना. आपलंच आवळणं, आपलीच टेप, आपलाच तो शेवटचा वेढा. काका घामाने निथळले, बोटं सोलली, पाना सटकून हनुवटीला लागला. आवळण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता, पण सैल करायचा सराव त्यांना जन्मात नव्हता.

"उलटं फिरवताय." कुंपणापलीकडून आवाज आला. बाई वॉकर धरून पायरीवर उभ्या होत्या.

काकांनी मान वर केली नाही. "बाई, मी..." एवढं बोलून ते अडखळले. दावेदारांची माफी मागायची पद्धत त्यांच्या विभागात नव्हती. "माझी चूक झाली. फार मोठी. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"तोंड नंतर दाखवा. आधी पाना डावीकडे."

जोड करकरला आणि सुटला. पाणी उसळून काकांच्या शर्टावर आलं.

"धार नको, थेंब!" बाई ओरडल्या. "मला इथून दिसत नाही. तुमचा तो कान कशाला आहे? ऐका."

मग बंदकाका चिखलात गुडघे टेकून बसले आणि कान पाइपला लावून ऐकू लागले. थोडा आवळला, थोडा सैल सोडला. ज्या आवाजाने आजवर त्यांची झोप उडत असे, तो आवाज ते आज जुळवून घेत होते. टप. टप. टप.

"लागला," ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी हरिणी आली. एकटीच. जाळीत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काका स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते. शेजारच्या खिडकीतून बाईंनी विचारलं, "पाडस?"

"नाही," काका म्हणाले.

पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच. "पाडस?" "नाही." बाई टोमणा मारत नव्हत्या, रागावत नव्हत्या, फक्त विचारत होत्या. आणि काकांना रोज तो एक शब्द मोठ्याने उच्चारावा लागत होता. जन्मात हजारो माणसांना त्यांनी हाच शब्द ऐकवला असेल, पण तो आपल्याच घशात असा अडकतो हे त्यांना आता कळत होतं. टब त्यांनी मेहुण्याला परत न्यायला लावला. तो म्हणाला, आता मोडलेलं लग्न जुळलं तरच खपेल. रोज सकाळी काका कोपऱ्यात जाऊन यायचे, आणि येताना त्यांचे हात ओले असायचे. काकूंना ते दिसायचं. कोपऱ्यातला आवाजही आता टप टप असा राहिला नव्हता, त्याची बारीक धार झाली होती, हे तर काकूंच्या साध्या कानालाही कळत होतं.

मग एकदा ऊन कलताना जाळी हलली. हरिणी बाहेर आली, थांबली, मागे वळून पाहिलं. तिच्यामागून लटपटत, अंगाची नुसती कातडी राहिलेलं, पण नाक ओलं झालेलं पाडस बाहेर आलं.

काकूंनी काकांचा दंड धरला. शेजारच्या खिडकीतून प्रश्न आला, हळूच, "पाडस?"

बोललो तर बुजतील. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दोन बोटं वर केली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे समोर दोन हरणं आहेत की चार, हेही त्यांना धड दिसत नव्हतं.

बाईंनी त्या दोन बोटांकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे कान दिला, कपाळाला आठी घातली, आणि चिमूट हवेत उजवीकडे फिरवून दाखवली. धार जास्त आहे. उद्या थोडी बंद करा.

बंदकाकांनी नकारार्थी मान हलवली.